मायक्रोवेव्ह कोठे ठेवावा? वैद्याने टाळू नये असा प्रश्न

गेल्या पावसाळ्यात आमवाताची एक सत्तरीची रुग्णा माझ्या चिकित्सेत होती. तिला रास्नासप्तक क्वाथ सुंठीच्या चूर्णाच्या प्रक्षेपासह दिला होता. सून नोकरी करणारी. दोन वेळा ताजा काढा करणे घरात कोणालाच शक्य नव्हते. म्हणून सकाळी एकदाच काढा करावा, गाळून ठेवावा आणि सायंकाळचा भाग कोमट करून घ्यावा, असे मीच सुचविले. बाराव्या दिवशी तिचा मुलगा एकटाच आला. आजी रुग्णालयात होत्या. डावा हात, मान व छातीचा वरचा भाग भाजला होता.

घडले ते असे. त्यांच्या घरी मायक्रोवेव्ह दोन दारांच्या फ्रिजच्या माथ्यावर ठेवलेला होता. आजींची उंची जेमतेम पाच फूट. त्यांनी टाचा उंचावून काढ्याचा काचेचा पेला आत ठेवला, दोन मिनिटे यंत्र चालविले आणि पदराने धरून पेला बाहेर काढला. काढ्यात एकही बुडबुडा दिसत नव्हता, त्यामुळे तो कोमटच झाला असावा असे त्यांना वाटले. पेला टेकविण्यास जवळ जागा नव्हती. म्हणून तो डाव्या हातातच धरून त्यांनी उजव्या हाताने चिमूटभर सुंठ टाकली, आणि त्याच क्षणी काढा पेल्याबाहेर उसळला.

त्या रुग्णेचा अग्नी, कोष्ठ, निद्रा, मलप्रवृत्ती हे सारे मी विचारले होते. काढा कोठे आणि कशावर गरम करणार, एवढे मात्र विचारले नव्हते. प्रस्तुत लेख लिहिण्याचे कारण हेच आहे.

मायक्रोवेव्हसंबंधी आपल्या व्यवसायात सर्वसाधारणपणे दोनच भूमिका आढळतात. काही वैद्यबंधू रुग्णाला 'ते यंत्र घरातून काढून टाका' असे सांगतात. बाकीचे तो विषयच काढत नाहीत. पहिला सल्ला बहुतेक घरांत पाळला जात नाही, आणि जो सल्ला पाळला जात नाही तो देणाऱ्यावरचा विश्वास मात्र कमी करतो. रुग्ण पुढच्या वेळी खोटे बोलतो, अथवा बोलतच नाही. दुसऱ्या भूमिकेचा परिणाम मी वर सांगितलाच आहे. माझे स्पष्ट मत असे की, हे यंत्र वापरावे की नाही या वादापेक्षा ते स्वयंपाकघरात कोठे बसवावे व कसे वापरावे हे सांगण्याने रुग्णाचे अधिक हित होते, आणि ते सांगणे हे स्वस्थवृत्ताच्या कक्षेतीलच काम आहे.

यंत्राची घडण थोडक्यात पाहू. त्यातील मॅग्नेट्रॉन २४५० मेगाहर्ट्‌झ कंप्रतेच्या विद्युतचुंबकीय लहरी निर्माण करतो. या लहरींची लांबी सुमारे १२ सेंटिमीटर असते. अन्नातील पाण्याचे रेणू त्या लहरींच्या तालावर आंदोलित होतात व त्यातून उष्णता उत्पन्न होते. क्ष-किरणांप्रमाणे अणूतील इलेक्ट्रॉन उखडून टाकण्याची शक्ती या लहरींत नसते, आणि दिवा मालवल्यावर प्रकाश उरत नाही त्याचप्रमाणे यंत्र थांबल्यावर अन्नात लहरी 'राहत' नाहीत. दाराच्या काचेआड जी धातूची जाळी दिसते तिची छिद्रे लहरींच्या लांबीच्या मानाने फारच लहान असल्याने लहरी आतच अडतात. गळतीची जी मर्यादा अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने घालून दिली आहे ती यंत्रापासून ५ सेंटिमीटर अंतरावर दर चौरस सेंटिमीटरला ५ मिलिवॅट अशी आहे, आणि ५० सेंटिमीटर अंतरावर हे प्रमाण शंभराव्या भागाइतके उरते. तेव्हा दार, बिजागरी व दाराची कड सुस्थितीत असेल तर लहरींच्या भयाने कोणी यंत्र खोलीबाहेर नेण्याचे कारण नाही. दार वाकलेले अथवा नीट न बसणारे असेल तर मात्र ते यंत्र एक दिवसही वापरू नये. घरी उघडून दुरुस्त करण्याचा प्रयत्न तर कधीच करू नये. वायर काढल्यानंतरही आतील कपॅसिटरमध्ये प्राणघातक विद्युतभार शिल्लक असू शकतो.

शास्त्राधार म्हणून आपण ज्या गोष्टी पुढे करतो त्याही एकदा नीट तपासल्या पाहिजेत. वाग्भटाचार्यांनी अष्टांगहृदयाच्या सूत्रस्थानात, मात्राशितीय अध्यायात, पुन्हा गरम केलेले अन्न वर्ज्य सांगितले आहे. हा निषेध पुन्हा गरम करण्याला आहे. ते चुलीवर केले, गॅसवर केले की मायक्रोवेव्हमध्ये, असा भेद तेथे नाही. कालची भाजी गॅसवर उकळून खाणाऱ्यास आपण काही बोलत नाही आणि तीच भाजी मायक्रोवेव्हमध्ये ठेवणाऱ्यास रागावतो, हे न्यायाला धरून नाही. (सायंकाळसाठी काढा ठेवण्याची जी मुभा मी रुग्णेला दिली तीही या निकषावर तडजोडच होती, हे मान्य करतो.) चरकाचार्यांनी विमानस्थानाच्या पहिल्या अध्यायात आहारविधीची जी आठ आयतने सांगितली, त्यांतील 'करण' म्हणजे संस्कार. या संस्कारांत अग्निसंयोगाबरोबरच देश आणि भाजन, म्हणजे जागा आणि भांडे, यांचाही अंतर्भाव आहे. अन्न कोणत्या अग्नीवर शिजले एवढेच पाहणारे आपण जागा आणि भांडे यांच्याकडे दुर्लक्ष करतो.

सुश्रुताचार्यांनी कल्पस्थानाच्या आरंभी राजाच्या महानसाचे, म्हणजे स्वयंपाकगृहाचे, वर्णन केले आहे. त्याची दिशा व जागा प्रशस्त असावी, ते ऐसपैस व स्वच्छ असावे, भांडी शुद्ध असावीत, जाळ्या लावलेल्या पुष्कळ खिडक्या असाव्यात आणि तेथे विश्वासू माणसांचाच वावर असावा, असा त्याचा आशय. प्रसंग विषप्रयोगापासून रक्षणाचा असला तरी स्वयंपाकघराची रचना हा वैद्याचा विषय आहे, हे त्यावरून निःसंशय सिद्ध होते. आजच्या महानसात यंत्रे आली. ती कोठे असावीत हे सांगण्याचे काम आपण फर्निचरवाल्या सुताराकडे सोपवून मोकळे झालो आहोत.

आता प्रत्यक्ष जागेकडे वळू. सर्वांत महत्त्वाची गोष्ट उंची. अमेरिकेतील स्वयंपाकघर-रचनाकारांच्या संघटनेची शिफारस अशी की, यंत्राचा तळ ते मुख्यतः वापरणाऱ्या व्यक्तीच्या खांद्याच्या तीन इंच खाली असावा आणि कोणत्याही परिस्थितीत जमिनीपासून ५४ इंचांहून वर नसावा. आपल्याकडील पाच फूट उंचीच्या स्त्रीचा खांदा जमिनीपासून साधारण चार फुटांवर येतो. म्हणजे तिच्यासाठी यंत्राचा तळ पावणेचार फुटांच्या आसपास, शक्य तर त्याहून खाली हवा. ५४ इंच तिला फारच उंच होतील. घरातील उंच पुरुषाच्या सोयीने ही उंची ठरते, कारण शेल्फ ठोकताना तोच समोर उभा असतो. आपण घरात वयाने सर्वांत वृद्ध व उंचीने सर्वांत लहान अशी जी व्यक्ती यंत्र वापरते तिचे माप घ्यावयास सांगावे. आमवात, संधिवात, अवबाहुक, कंपवात यांच्या रुग्णांना तर हे आवर्जून सांगावे; त्यांची पकड कमजोर असते व हात खांद्याच्या वर नेऊन भरलेले भांडे तोलणे त्यांना जमत नाही. उलट घरात रांगते मूल असेल तर यंत्र जमिनीलगतच्या कप्प्यात ठेवणेही चुकीचे. काही उत्पादकांच्या माहितीपुस्तिकेत जमिनीपासून किमान ८५ सेंटिमीटर उंची सांगितलेली असते. आपल्याकडील ओटा साधारण तेवढाच उंच असतो. म्हणून ओट्यावर, अथवा ओट्याच्या उंचीच्या भक्कम टेबलावर, ही जागा बहुतेक घरांना योग्य ठरते.

ओट्यावर जागा नाही ही तक्रार खरी आहे. दोन फूट रुंदीच्या ओट्यावर गॅसची शेगडी, मिक्सर आणि पाण्याचे पिंप आल्यावर काय उरते ते प्रत्येक गृहिणी जाणते. परंतु जागा यंत्रालाच नव्हे तर यंत्रातून काढलेल्या भांड्यालाही लागते. गरम भांडे घेऊन दोन पावलेही चालावे लागू नये. यंत्राशेजारी, किंवा हात वळविताच पोहोचेल अशी, निदान सव्वा फूट मोकळी सपाट जागा हवी. घरगुती यंत्रांचे दार बहुधा डाव्या बाजूस उघडते. म्हणून मोकळी जागा उजवीकडे असावी आणि डावीकडे अगदी लगत भिंत नसावी, अन्यथा दार पुरते उघडत नाही व भांडे तिरपे करून काढावे लागते. आजींच्या घरी अशी सव्वा फूट जागा असती तर पेला हातात राहिला नसता.

गॅसच्या शेगडीच्या वर शेल्फ ठोकून त्यावर मायक्रोवेव्ह ठेवण्याची पद्धत मी अनेक घरांत पाहिली आहे. परदेशी मासिकांतील चित्रे पाहून ती आली असावी. तिकडे शेगडीवर बसविण्याची यंत्रे वेगळ्या बनावटीची असतात व त्यांत धूर ओढणारा पंखा असतो. आपले ओट्यावर ठेवण्याचे यंत्र त्यासाठी केलेले नसते. रोजच्या फोडणीची तेलकट वाफ त्याच्या हवेच्या छिद्रांत शिरते, आतील भागांवर चिकट थर बसतो, आणि पाठोपाठ झुरळे येतात. शिवाय पेटत्या शेगडीवरून वाकून गरम पेला काढणे म्हणजे पदराला आग लागण्यास निमंत्रणच. शेगडीपासून व नळापासून दोन-अडीच फूट अंतर राखावे.

हवेची वाट मोकळी ठेवणे हा पुढचा मुद्दा. यंत्र आतली उष्णता पंख्याने बाहेर टाकते. उत्पादकांच्या पुस्तिकांत मागे व बाजूंना १० सेंटिमीटर आणि वर २० सेंटिमीटर मोकळी जागा सोडण्यास सांगितलेली आढळते. यंत्रागणिक हे अंतर बदलते, म्हणून स्वतःची पुस्तिका वाचावी. नव्या घरात ट्रॉल्यांचे फर्निचर करताना सुतार यंत्राच्या मापाचा नेमका खण करतो आणि यंत्र त्यात घट्ट बसवितो. दिसायला ते सुरेख दिसते. परंतु खणात बसविण्याची यंत्रे निराळी मिळतात. साधे यंत्र अशा खणात कोंडले तर ते वरचेवर तापून बंद पडते. माथ्यावर वर्तमानपत्रे, विणलेले रुमाल, औषधांच्या बाटल्या ठेवण्याची जी सवय आहे तीही मोडावयास हवी. औषधांच्या बाटल्या म्हणजे बहुधा आपणच दिलेली औषधे असतात. रोज तापणाऱ्या पत्र्यावर ठेवलेल्या गुग्गुळकल्पाच्या गोळ्या एकमेकींना चिकटल्याची तक्रार माझ्याकडे एकदा आली, तेव्हा दोष औषधालयाचा मानण्यात आला होता!

वजनाविषयी फार लिहीत नाही. वीस लिटरचे साधे यंत्र दहा-बारा किलोचे असते, कन्व्हेक्शनचे मोठे यंत्र त्याहून बरेच जड. कडप्प्याचे शेल्फ भिंतीत पुरेसे खोल रोवलेले अथवा लोखंडी कोनांवर टेकलेले असेल तरच त्यावर ते ठेवावे.

विजेच्या बाबतीत मात्र निष्काळजीपणा फार दिसतो. यंत्रावर ८०० वॅट असे लिहिलेले असते ती अन्नाला मिळणारी शक्ती होय. भिंतीतून ते सुमारे १२०० वॅट ओढते, आणि कन्व्हेक्शनचे यंत्र २००० वॅटहून अधिक. आपल्या घरातील लहान सॉकेट ६ अँपिअरचे, म्हणजे १४०० वॅटपेक्षा कमी भार पेलणारे. त्यावर यंत्र आणि मिक्सर एकत्र चालविले की सॉकेट काळे पडते. यासाठी १६ अँपिअरचे स्वतंत्र सॉकेट व खात्रीचे अर्थिंग अत्यावश्यक आहे. जुन्या वाड्यांत व चाळींत जेथे अर्थिंगच नाही तेथे आधी ते करून घ्यावे, मग यंत्र आणावे. एक्स्टेन्शन बोर्डावर हे यंत्र चालवू नये.

'वैद्यराज, आग्नेय दिशेला ठेवायचा ना?' असा प्रश्न मला विचारला जातो. सर्व गोष्टी जुळून दिशाही साधत असेल तर अवश्य साधावी. परंतु आग्नेय कोपरा साधण्यासाठी यंत्र नळाखाली किंवा खिडकीतल्या पावसाच्या झडीत ठेवले जात असेल तर मी स्पष्ट नकार देतो. सुश्रुताचार्यांनी दिशेबरोबर जागाही प्रशस्तच सांगितली आहे.

आता वापराकडे. काढा मायक्रोवेव्हमध्ये करू नये, याला शास्त्रीय कारण आहे. शार्ङ्गधराचार्यांच्या विधीप्रमाणे सोळापट पाणी घालून अष्टमांश उरेपर्यंत आटविणे हे काम मंद आचेवर, सावकाश व्हावयाचे. दोन-चार मिनिटांच्या यंत्राचे ते काम नव्हे. झालेला काढा कोमट करणे एवढेच त्यात होऊ शकते, आणि तेथेच धोका आहे. पातेल्यात तळ तापतो, तळाशी बुडबुडे सुटतात व उकळी डोळ्यांना दिसते. मायक्रोवेव्हमध्ये गुळगुळीत काचेच्या पेल्यातील गाळलेला द्रव उत्कलनबिंदूच्या वर जाऊनही निश्चल राहू शकतो. त्यात चमचा घातला, पेला हलला अथवा चूर्ण पडले की साठलेली वाफ एकदम मोकळी होते. आपल्या पद्धतीत काढ्यात प्रक्षेप टाकण्याची प्रथा असल्याने हा धोका आपल्या रुग्णांना इतरांपेक्षा अधिक आहे, आणि तो त्यांना सांगणारे आपल्याखेरीज कोणी नाही. अर्धा पेला काढ्यास वीस-पंचवीस सेकंद पुरतात. पेल्यात आधीच लाकडी चमचा ठेवावा, यंत्र थांबल्यावर मिनिटभर तसेच राहू द्यावे, मग ढवळावे, खाली टेकवावे आणि प्रक्षेप त्यानंतर टाकावा.

मधाविषयी पुनरुक्ती नको; उष्ण मध निषिद्ध आहे हे आपण सारे जाणतो. परंतु थंडीत साखरेसारखा गोठलेला मध बाटलीसह मायक्रोवेव्हमध्ये पातळ करणारी घरे पुष्कळ आहेत, आणि अवलेहाची बरणी तशीच ठेवणारीही. औषधी घृताच्या बाबतीत तर आपलीच वेष्टने अडचणीची आहेत. झाकणाखाली अ‍ॅल्युमिनियमचा पातळ पापुद्रा असतो. तो अर्धवट निघालेली बरणी आत ठेवली की ठिणग्या उडतात. पूर्ण बंद बाटली फुटू शकते. औषधालयांच्या मालकांना माझी विनंती आहे की, 'कोमट करून घ्यावे' एवढेच न छापता 'बाटली गरम पाण्यात ठेवून पातळ करावे, मायक्रोवेव्हमध्ये ठेवू नये' असे एक वाक्य वेष्टनावर छापावे. त्यास खर्च येत नाही.

शेवटी आपल्या स्वतःच्या वास्तूंकडे पाहू. पंचकर्म कक्षात तेल व पोटल्या मायक्रोवेव्हमध्ये गरम करण्याची सोय अलीकडे रुजली आहे. माझ्याही चिकित्सालयात ती होती. पत्रपोट्टलीचे बाहेरचे कापड सोसवेल इतके गरम आणि आतला गाभा मात्र चटका देणारा, असा अनुभव एका रुग्णाच्या पाठीवर उमटला, आणि दुसऱ्या दिवशी मी ते यंत्र तेथून हलविले. लहरी पाण्याचा अंश असेल तेथे अधिक शोषल्या जातात. पाने, तेल व कापड यांच्या मिश्रणात उष्णता समान पसरत नाही आणि परिचारकाचा हात ती बाहेरून ओळखू शकत नाही. बस्तिद्रव्य व अभ्यंगतेल उष्णोदकात भांडे ठेवूनच कोमट करावे. निर्मितीगृहात कर्मचाऱ्यांचे डबे गरम करण्याचे यंत्र कच्च्या द्रव्यांच्या कोठीत ठेवलेले मी पाहिले आहे. 'शेड्यूल टी'प्रमाणे कोठी, निर्मिती, परीक्षण व तयार औषधे यांसाठी स्वतंत्र जागा राखणाऱ्या मालकाने माशाच्या डब्याची वाफ ज्येष्ठमधाच्या पोत्यांवर जाऊ द्यावी, याचे आश्चर्य वाटते. ते यंत्र उपाहारकक्षातच हवे, आणि त्याच यंत्रात वनस्पती सुकविण्याचे प्रयोग होऊ नयेत. तुळस, वेलची यांसारख्या सुगंधी द्रव्यांचा सार तेवढ्यात उडून जातो.

गेल्या वर्षापासून माझ्या रुग्णपत्रिकेवर निद्रेच्या रकान्याखाली एक ओळ वाढली आहे: औषध कोण, कोठे व कशावर गरम करते. आजी दीड महिन्याने पुन्हा आल्या. हातावरचे डाग अजून आहेत. मुलाने यंत्र फ्रिजवरून काढून खिडकीजवळच्या ओट्याच्या उंचीच्या कपाटावर ठेवले आहे, उजवीकडे जागा सोडून, स्वतंत्र सॉकेटवर. सर्व काही सांगितल्याप्रमाणे झाले म्हणून मी समाधान व्यक्त केले, तेव्हा आजी म्हणाल्या, 'ते त्यांच्यासाठी हो. मी आपला काढा पातेलीतच कोमट करते.'